‘आधीपासूनच तसं असेल’: वाटेत मोडलेल्या जुन्या लेथचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमळनेरात दोन भावांचं वर्कशॉप आहे. गाव खरं ठेवलं आहे. माणसांची आणि कंपन्यांची ओळख पटेल असं बाकी सगळं गाळलं आहे. थोरला हिशेब आणि गिऱ्हाईक पाहतो, धाकटा मशीनवर असतो, हाताखाली तीन माणसं. सबमर्सिबल पंपाचे शाफ्ट, थ्रेशर आणि रोटाव्हेटरची दुरुस्ती, बुश-पिनांची किरकोळ कामं असं त्यांचं चालतं. त्यांची लेथ (काम फिरतं ठेवून हत्याराने कातायची मशीन) सहा फुटी. त्यामुळे जिनिंग फॅक्टरीच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या) लांब शाफ्टची कामं दारात येऊनही धुळ्याला जायची. खान्देशात दसऱ्यापासून कापूस यायला लागतो आणि जिनवाले त्याआधी दुरुस्ती उरकून घेतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ज्याच्याकडे लांब लेथ आहे, त्याची चांदी.

म्हणून त्यांनी राजकोटच्या एका जुन्या मशिनरीच्या व्यापाऱ्याकडून दहा फुटी, हेवी ड्युटी, गॅप बेडची (बेड म्हणजे ज्यावर सगळं बसतं तो लांब पाट, आणि मोठ्या व्यासाच्या कामासाठी त्यात खाच असलेली) लेथ घेतली. किंमत ३,४०,००० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ४,०१,२००. वजन अडीच टनांच्या वर. धाकटा स्वतः राजकोटला गेला, मशीन चालवून पाहिली, डायल (बारीक फरक दाखवणारा गेज) लावून स्पिंडल, म्हणजे काम फिरवणारा आस, तपासला, आणि घरी वडिलांना दाखवायला म्हणून मोबाइलवर १ मिनिट ४० सेकंदांचा व्हिडिओ काढला. वडील गुडघ्यांनी बसलेले, राजकोटपर्यंत येणं त्यांना शक्य नव्हतं. या व्हिडिओचं पुढे काय होणार आहे, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

पूर्ण पैसे आधी दिले. ट्रान्सपोर्ट व्यापाऱ्यानेच ठरवला. ‘आमचा रोजचा आहे, इन्शुरन्सही काढून देतो’ असं तो म्हणाला आणि भावांना बरंच वाटलं. भाडं १४,५०० रुपये, ‘टू पे’, म्हणजे माल पोचल्यावर द्यायचं. अख्खी गाडी केली असती तर याच्या जवळजवळ दुप्पट लागले असते, म्हणून पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर. या बचतीत एक अट लपलेली होती आणि ती कुणी मोठ्याने बोलून दाखवली नाही: राजकोटहून निघालेली मोठी गाडी अमळनेरला येणार नव्हती. धुळ्याच्या गोडाऊनला माल उतरणार आणि तिथून टेम्पोने पुढे येणार होता.

अडचण

३ जुलैला बुकिंग झालं. बडोदा, सुरत, नवापूर, कोंडाईबारी घाट करत गाडी धुळ्यात आली. ८ जुलैला दुपारी चारच्या सुमारास टेम्पो वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. पाऊस लागलेला, वर ताडपत्री बांधलेली. हायड्रा (छोटी क्रेन) यायला अर्धा तास होता. टेम्पोवाल्याला परत धुळ्याला जायची घाई. त्याने बिल्टी (वाहतुकीची पावती) पुढे केली आणि वर्कशॉपमधल्या एका कामगाराने ‘माल मिळाला’ असं लिहून सही ठोकून दिली. ताडपत्री तोवर सुटलीही नव्हती.

ती सुटल्यावर लेथ उभी दिसली नाही. ती पुढच्या बाजूला झुकून टेम्पोच्या फाळक्यावर टेकलेली होती. एप्रनचं, म्हणजे हत्यार सरकवणाऱ्या भागाच्या पुढच्या पेटीचं, हँडव्हील मोडलेलं. त्याच्या मागे एप्रनच्या बिडाला (ओतीव लोखंडाला), हँडव्हीलचा दांडा बसतो त्या जाड उंचवट्यापाशी, आरपार तडा. टेलस्टॉकच्या (कामाचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाच्या) बाजूच्या पायाचा कोपरा तुटून टेम्पोच्या तळाशी पडलेला. आणि हे सगळं सोडून धाकट्याची नजर गेली ती लीड स्क्रूवर, म्हणजे आटे पाडताना हत्यार सरकवणाऱ्या लांब आटेदार दांड्यावर. तो बेडच्या मध्याच्या थोडा अलीकडे स्पष्ट वाकलेला होता, त्याच्या खालचा फीड शाफ्टही (साध्या कातकामात हत्यार सरकवणारा दांडा).

‘दादा, हाई ते मोडी गयं,’ एवढंच तो म्हणाला.

तिथे एक म्हातारे फिटर बसलेले होते. उमेदीची वर्षं कापडगिरणीत गेलेली, आता दुपारच्या चहाला वर्कशॉपवर येतात. सगळे त्यांना नाना म्हणतात. धाकटा तुटलेला तुकडा उचलून तेलाच्या फडक्याने पुसायला लागला, तसं त्यांनी त्याचा हात धरला. ‘आते रडीसन काय व्हई? पहिले फोटो काढा.’

नानांनी हे का केलं ते मी नंतर त्यांना विचारलं. बीड ताजं मोडलं की तोंड उजळ राखाडी, दाणेदार दिसतं. जुन्या तड्यात तेल आणि मळी मुरलेली असते, कडा काळपट असतात. जुलैच्या दमट हवेत ताज्या तोंडावरही एक-दोन दिवसांत तांबूस गंज चढतो, आणि मग कालचं मोडलेलं नि वर्षापूर्वीचं मोडलेलं यात साध्या नजरेला फरक कळत नाही. तेलाचं फडकं फिरलं असतं तर तो पुरावा त्याच क्षणी संपला असता.

मला फोन आला संध्याकाळी सातला. मी जळगावच्या एमआयडीसीत बरीच वर्षं मेंटेनन्स पाहिला. आता लहान वर्कशॉपवाल्यांना जुनी मशीन घेताना मदत करतो. या खरेदीत मी नव्हतो, मोडल्यावर आलो.

नवी मशीन वाटेत मोडली तर ती मोडली एवढं दाखवून भागतं. जुनीच्या बाबतीत ती आधी मोडलेली नव्हती हे दाखवावं लागतं, आणि हे काम फार कठीण. पुढच्या आठवडाभरात तिन्ही पक्षांनी आळीपाळीने हात झटकले. व्यापारी म्हणाला, इथून चालू हालतीत गेली. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, जुनी मशीन आहे, आधीपासूनच तसं असेल. विम्याच्या सर्व्हेअरने तेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं.

पहिल्या दोन तासांतले निर्णय

माझ्या मते प्रकरणाचा निम्मा निकाल मी पोचायच्या आधी, त्या दोन तासांत लागला.

पहिला प्रश्न होता डिलिव्हरी घ्यायची की नाकारायची. थोरल्याचा राग पाहता तो नाकारणार होता. ‘परत घेऊन जा म्हणावं.’ ऐकायला हे बरोबर वाटतं. अशा प्रकरणांत माझ्या ओळखीचे एक वकील सरसकट हाच सल्ला देतात आणि आमचं यावर कधीच जमलेलं नाही. नाकारलेला माल जातो कुठे? धुळ्याच्या गोडाऊनला. म्हणजे मोडकी लेथ पुन्हा एकदा उचलली जाणार, पावसात पडून राहणार, तिच्यावर गोडाऊनचं भाडं चढणार, आणि पुरावा ज्याच्याविरुद्ध वापरायचा त्याच्याच ताब्यात असणार. पैसे व्यापाऱ्याकडे आधीच गेलेले. नवी, पेटीबंद वस्तू असती आणि पैसे हातात राखलेले असते, तर मीही नाकारा म्हटलं असतं.

नानांनी मधला रस्ता काढला. माल घ्यायचा, पण शेरा मारून. सही झालेली बिल्टी टेम्पोवाल्याच्या खिशात होती. ती बाहेर काढायला लावून दोन्ही प्रतींवर लिहिलं: ‘ताडपत्री सोडल्यावर मशीन फाळक्यावर कललेली आढळली. एप्रनला तडा, पाय तुटलेला, लीड स्क्रू व फीड शाफ्ट वाकलेले.’ खाली वेळ, टेम्पोचा नंबर आणि टेम्पोवाल्याची सही. तो सही देईना. हायड्रा आलेली होती, पण शेरा झाल्याशिवाय मशीन उतरवणार नाही असं थोरल्याने सांगितलं. परतीची घाई आता उलटी कामाला आली. अर्ध्या तासाने सही मिळाली.

दुसरं, फोटो. मशीन उतरवायच्या आधी टेम्पोवर आहे त्याच अवस्थेत चाळीसेक फोटो काढले. त्यातला एक फोटो सोन्याच्या मोलाचा ठरला. फाळक्याच्या आतल्या पत्र्यावर, हँडव्हीलच्या उंचीवर, लेथच्या हिरव्या रंगाचा ओरखडा होता.

तिसरं चुकलं. पायाचा तुटका तुकडा टेम्पोतून उतरवून घेतला, पण मशीनखाली ठोकळे लावून ती कशीतरी बांधलेली होती, ते दोरखंड आणि ठोकळे टेम्पोबरोबरच परत गेले. अडीच टनांची मशीन नारळाच्या दोन दोऱ्यांनी बांधली होती असं धाकटा सांगतो. त्याचा एकही फोटो नाही.

कुठे मोडली?

मी दुसऱ्या दिवशी गेलो. बिल्टीवरचा शेरा वाचून, फोटो मोठे करून, आणि मशीनभोवती दोन तास फिरून एक गोष्ट लक्षात आली. या मशीनला दोन वेगवेगळ्या जखमा होत्या आणि त्या वेगवेगळ्या वेळी झालेल्या होत्या.

एप्रन आणि पाय मोडले ते मशीन कलंडल्यामुळे. लेथचा घाटच तसा. वजन वर, पाया अरुंद. हिरवा ओरखडा टेम्पोच्या फाळक्यावर आहे, म्हणजे ती टेम्पोत कलंडली, धुळे ते अमळनेर या रस्त्यावर. एवढं उघड होतं.

लीड स्क्रूचं मात्र कलंडण्याशी जुळेना. फाळक्यावर टेकून लीड स्क्रू वाकायचा तर त्याच्यावर ओरखडा हवा, आटे चेपलेले हवेत. तसं काही नव्हतं. बॅटरी घेऊन बेडखाली डोकं घातलं तेव्हा बेडच्या मागच्या कडेला साधारण चार इंच रुंदीचा रंग सोललेला दिसला, बरोबर त्या वाकाच्या समोर. चार इंच म्हणजे उचलायच्या पट्ट्याची रुंदी. क्रेनचा पट्टा बेडखालून घेताना पुढच्या बाजूला लीड स्क्रू आणि फीड शाफ्टही त्यात आले, आणि अडीच टनांचा ताण त्या दोन दांड्यांवर पडला. लेथ उचलताना होणाऱ्या चुकांमधली ही सगळ्यात जुनी चूक. माहीतगार माणूस पट्टा लीड स्क्रूला लागू नये म्हणून बेडच्या कडेला लाकडी ठोकळा घालतो, किंवा बेडच्या पोटातल्या फासळीखालून आडवी बार घालून उचलतो.

हे राजकोटला भरताना झालं की धुळ्याला गाडी बदलताना? व्यापाऱ्याने ३ जुलैला व्हॉट्सॲपवर मशीन गाडीत चढवल्याचा फोटो पाठवला होता. तो मोठा करून पाहिला तर बेडच्या कडेला लाकडी ठोकळा अजून अडकलेला होता आणि लीड स्क्रू सरळ दिसत होता. उरलं धुळ्याचं गोडाऊन.

आणि ‘आधीपासूनच’ या वाक्याला उत्तर होतं ते वडिलांसाठी काढलेल्या व्हिडिओत. मशीन चालू, कॅरेज (हत्यार धरणारा भाग) फीडवर सरकतेय, लीड स्क्रू फिरताना डगमगत नाही, आणि ५२ व्या सेकंदाला कॅमेरा सहज हेडस्टॉकवरून (स्पिंडल असलेल्या पेटीवरून) फिरताना कंपनीच्या पट्टीवरचा नंबर स्पष्ट येतो. तो नंबर आला नसता तर ‘हीच मशीन कशावरून?’ असा प्रश्न आला असता. तो येणारच होता.

कोणाकडे मागायचं

तीन दारं होती.

विमा. व्यापाऱ्याने काढून दिलेलं सर्टिफिकेट मागवलं. हप्ता बाराशे रुपयांच्या आत. त्यावर इनलँड ट्रान्झिटचा ‘बी’ क्लॉज. भावांना इन्शुरन्स आहे एवढंच माहीत होतं, क्लॉज नावाची काही भानगड असते हे माहीत नव्हतं. ‘बी’ क्लॉजमध्ये मोजकेच धोके येतात: आग, वीज पडणं, पूल कोसळणं, वाहनाची टक्कर, वाहन उलटणं, रेल्वेचा डबा घसरणं. टेम्पो उलटला नव्हता. टेम्पोतली मशीन कलंडली होती. क्रेनच्या पट्ट्याने लीड स्क्रू वाकणं तर या यादीच्या जवळपासही येत नाही. ‘ए’ क्लॉज सर्व धोक्यांचा असतो. तोही जुन्या मशिनरीला देताना विमा कंपन्या गंज, ओरखडे, पोचे, अंतर्गत यांत्रिक बिघाड असं बरंच काही वगळतात, पण कलंडून बीड मोडणं त्यात बसलं असतं. सर्व्हेअर चौथ्या दिवशी आला, नीट तपासणी केली, आणि जाताना चहा पिता पिता खरं ते सांगून गेला. क्लेम अर्ज तरीही भरायला लावला मी. नकार लेखी असावा.

ट्रान्सपोर्टवाला. बिल्टीवर छापलेलं: ‘ओनर्स रिस्क’, म्हणजे जोखीम मालकाची. हे दोन शब्द दाखवून ट्रान्सपोर्टवाले निम्म्या लोकांना परत पाठवतात. वस्तुतः कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ नुसार मालाचं नुकसान झालं तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर नाही. आणि ‘ओनर्स रिस्क’ छापल्याने निष्काळजीपणाची जबाबदारी सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या एका निकालात जुन्या कायद्याखाली म्हटलेलं आहे. पण याच कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत दोन गोष्टी गिऱ्हाइकाच्या विरुद्ध जातात. मालाची किंमत जाहीर करून जादा दराचं भाडं भरलेलं नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. इथे १४,५०० गुणिले दहा, म्हणजे १,४५,०००. ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. दुसरं, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली नाही तर दावाच उभा राहत नाही. डिलिव्हरीपासून नाही, बुकिंगपासून. आमच्यासाठी ती तारीख ३० डिसेंबर होती. घाई नव्हती, पण आज-उद्या करता करता दिवाळी कशी येते ते सगळ्यांना माहीत आहे.

व्यापारी. त्याच्या बिलावर ‘जसे आहे तसे, जिथे आहे तिथे’. माल गाडीत चढला की त्याचा संबंध संपला, असं त्याचं म्हणणं. हे बरंचसं बरोबर आहे. मालविक्री कायदा, १९३० प्रमाणे माल वाहतूकदाराच्या हाती दिला की तो खरेदीदाराला दिल्यासारखाच धरतात. पण त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमात पुढे एक अट आहे. विक्रेत्याने मालाचं स्वरूप पाहून वाहतूकदाराशी वाजवी करार करायला हवा. तो केला नाही आणि माल खराब झाला, तर खरेदीदार ती डिलिव्हरी मान्य करायला नकार देऊ शकतो. अडीच टनांची, वरून जड लेथ मध्येच गाडी बदलणाऱ्या पार्ट लोडने, जादा दर न भरता पाठवणं हा वाजवी करार होता का? न्यायालयात यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण टेबलावर बसून बोलायला हे पुरेसं होतं.

ग्राहक आयोगाचंही नाव निघालं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला तिथे जागा आहे. पण तीन कामगार असलेल्या वर्कशॉपला ‘व्यापारी हेतू’ म्हणून बाहेर काढतील, अशी वकिलांना धास्ती होती. तो विचार तिथेच राहिला.

दुरुस्ती की परत?

इथे भावाभावांत वाजलं. थोरल्याला मशीन परत करून पैसे हवे होते. धाकट्याला मशीन हवी होती. जिनिंगच्या दोन मालकांना त्याने शब्द दिलेला. भंगारात तिचे लाखाच्याही आत आले असते. तशीच दुसरी मशीन शोधायला महिना, आणायला पुन्हा तेवढंच भाडं.

मी म्हटलं, आधी बेड आणि स्पिंडल पाहू. तिथे काही निघालं तर वाद मिटला, परत. नाही निघालं तर दुरुस्ती. बाकी सगळं बदलता येतं.

पाय तुटल्यामुळे मशीन वाकडी उभी होती आणि लेव्हल लावल्यावर बेडला पीळ पडल्यासारखं वाटत होतं. थोरला लगेच म्हणाला, बघा, गेला बेड. नानांनी तुटक्या पायाखाली जॅक लावून चारही बाजूंनी नीट टेकवली, एक रात्र तशीच ठेवली, आणि सकाळी मीटरला ०.०२ मिलिमीटरची स्पिरिट लेव्हल पुन्हा फिरवली. पीळ गेला होता. स्पिंडलमध्ये टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक गोल दांडा) घालून डायल लावला, धाकट्याने राजकोटला घेतलेल्या आकड्यांशी जुळला. हाताने स्पिंडल फिरवताना बेअरिंगमध्ये कुठे खडखड नाही. एप्रनवर लाल डाय आणि वर पांढरा डेव्हलपर मारून तडा कुठवर गेलाय ते पाहिलं. डोळ्याला दिसत होता त्याच्या पुढे आणखी दीड इंच गेलेला होता.

दुरुस्ती ठरली. थोरला नाराजच होता, आणि त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

काय केलं

क्रम महत्त्वाचा होता, कारण दुरुस्तीला हात लावला की पुरावा बदलतो. आधी चार्टर्ड इंजिनिअरला बोलावून रिपोर्ट करून घेतला. ८,००० रुपये गेले, ते भावांना जड वाटले. रिपोर्टमध्ये मोडलेल्या तोंडांचे पहिल्या दिवशीचे फोटो, पट्ट्याच्या खुणेचं माप, व्हिडिओतला नंबर आणि मशीनवरचा नंबर, सगळं आलं. नंतर धुळ्याच्या गोडाऊनला जाऊन डॅमेज सर्टिफिकेट मागितलं. तिथल्या मॅनेजरने पहिल्यांदा दिलं नाही. बिल्टीवर टेम्पोवाल्याच्या सहीचा शेरा दाखवल्यावर दोन ओळी लिहून दिल्या: ‘मशीन कललेल्या स्थितीत, नुकसानीसह पोचली.’ त्याच दिवशी ट्रान्सपोर्ट कंपनीच्या राजकोट आणि धुळे, दोन्ही पत्त्यांवर रकमेसह क्लेमचं पत्र स्पीड पोस्टने गेलं, ई-मेलही गेला.

इथे माझी चूक झाली. चार दिवस उत्तर आलं नाही म्हणून मी वकिलाची नोटीस पाठवायला लावली. नोटीस कडक होती. परिणाम असा की ट्रान्सपोर्टवाल्याने बारा दिवस फोनच उचलला नाही. ‘आता वकील बोलेल’ एवढंच. १८० दिवसांपैकी जेमतेम पंधरा गेले होते. आमचं साधं पत्र नोटीस म्हणून पुरेसं होतं. वकिलाचं पत्र ऑक्टोबरमध्येही पाठवता आलं असतं. सीझनच्या तोंडावर हे बारा दिवस भावांना महागात पडले.

कोंडी फोडली व्यापाऱ्याने. थोरल्याने त्याला फोन करून व्हिडिओ, त्याचाच गाडीतला फोटो आणि ३९ व्या कलमाचं मराठीत लिहिलेलं चार ओळींचं टिपण पाठवलं. त्याला न्यायालयाची भीती वाटली असं मला वाटत नाही. पण तो खान्देशात आणि विदर्भात बऱ्याच मशीन विकतो, आणि त्या ट्रान्सपोर्टवाल्याला तो दर महिन्याला माल देतो. त्याने ट्रान्सपोर्टवाल्याला काय सांगितलं ते कळलं नाही. तेराव्या दिवशी धुळ्याहून फोन आला.

दुरुस्तीचं सांगायचं तर, एप्रन उतरवला, तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तो पुढे पळायचा थांबवला, मग तापवून पितळेने झाळला आणि चुन्याच्या भुकटीत रात्रभर गाडून हळूहळू थंड होऊ दिला. घाईत वेल्डिंग मारून उघड्यावर सोडलेलं बीड शेजारीच पुन्हा तडकतं. पायाच्या कोपऱ्याला प्लेटचा ब्रॅकेट करून बोल्ट मारले. फीड शाफ्ट नव्या ब्राइट बारमधून केला, चावीचा गाळा स्वतःच्याच शेपरवर (धातूला रंधा मारायच्या मशीनवर) पाडला. लीड स्क्रू प्रेसवर सरळ करून पाहिला, डोळ्याला सरळ झालाही. पण वाकाच्या जागी हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दुभागलेला नट) लागल्यावर हँडलला हात लावला तर गोळा आल्यासारखं जाणवायचं. तो सोडला. व्यापाऱ्याने त्याच कंपनीच्या मोडीत काढलेल्या मशीनचा लीड स्क्रू आणि हाफ नट पाठवून दिला. या वेळी लाकडी पेटीत.

मध्ये दोन दिवस काम बंद होतं. घरी कानबाई (खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) होत्या. वकील, सर्व्हेअर, ट्रान्सपोर्ट यांच्यापुढे पंधरा दिवस वाकून उभा असलेला थोरला रोटाच्या जेवणाला मात्र मोकळेपणाने हसताना दिसला.

परिणाम

दुरुस्तीचा सगळा खर्च, रिपोर्ट आणि दोन वेळची हायड्रा धरून ५५,२०० रुपये झाला. ट्रान्सपोर्टवाल्याने ४०,००० दिले आणि १४,५०० भाडं सोडलं, एकूण ५४,५००. मर्यादा १,४५,००० ची असताना एवढ्यावर मिटवलं हे कमी वाटेल. पण सीझन बुडाल्याचं नुकसान वाहतूकदाराकडून मागणं हा वेगळाच आणि लांबचा झगडा होता, आणि न्यायालयात दोन वर्षं घालवायची भावांची तयारी नव्हती. व्यापाऱ्याने लीड स्क्रू दिला आणि १५,००० ची क्रेडिट नोट. ती जीएसटीसकट हवी असा आग्रह मी धरला, नाहीतर घेतलेल्या इनपुट क्रेडिटचा (खरेदीवरच्या जीएसटीच्या वजावटीचा) हिशेब पुढे कधीतरी गळ्यात येतो. विम्याचा क्लेम लेखी नाकारला गेला.

कागदावर पाहिलं तर पदरचे पैसे गेले नाहीत. पण मशीन चालू झाली ती ऑगस्टच्या अखेरीस, सात आठवड्यांनी. शब्द दिलेल्या दोन जिनवाल्यांपैकी एकाने काम धुळ्याला दिलं आणि पुढच्या सीझनलाही तो परत आला नाही.

आज हेच करायचं असतं तर

अख्खी गाडी. पार्ट लोडने वाचलेले बारा-तेरा हजार ही या प्रकरणातली सगळ्यात महाग बचत होती. जुनी लेथ एकदाच उचलावी आणि एकदाच उतरवावी. मध्ये जितके हात, तितके पट्टे.

विमा स्वतः काढायचा, ‘ए’ क्लॉजचा, आणि सर्टिफिकेट वाचून मगच मशीन हलू द्यायची. हप्त्यातला फरक या किमतीच्या मशीनला काही हजारांच्या आतला असतो. बिल्टीवर किंमत लिहून जादा दराचं भाडं भरण्याबद्दल मात्र माझं मन पूर्ण झालेलं नाही. लहान ट्रान्सपोर्टवाले ते घ्यायलाच तयार नसतात, आणि घेतलं तरी त्याची नोंद नीट करत नाहीत. विमा पक्का असेल तर त्यासाठी अडून बसू नये असं मला वाटतं. वकिलांचं मत उलट आहे.

मशीन भरायच्या दिवशी आपला माणूस राजकोटला हवा होता. चक आणि मोटर उतरवून वेगळी, टेलस्टॉक आणि कॅरेज आवळून, आणि खाली पायापेक्षा रुंद असा सागाच्या किंवा बाभळीच्या जाड ओंडक्यांचा स्किड बोल्टने कसलेला. लेथ कलंडते ती पाया अरुंद म्हणून. तो लाकडाने रुंद केला तर टेम्पोवालाही तिला पाडू शकत नाही. व्यापारी याचे तीन-चार हजार घेतात आणि न मागता कधीच करत नाहीत.

पैशाचे दहा-पंधरा टक्के राखून ठेवता आले असते का? जुन्या मशिनरीच्या बाजारात पूर्ण पैसे दिल्याशिवाय माल हलत नाही, असं थोरला म्हणतो आणि ते खरं आहे. तरी विचारून पाहायला हवं होतं. त्याने विचारलंही नव्हतं.

वर्कशॉपमध्ये आता बिल्टीवर सही फक्त दोघा भावांपैकी एकाची चालते. ज्या कामगाराने त्या दिवशी सही केली, त्याला कुणी बोललं नाही. तो स्वतःच अजून बिल्टीच्या कागदाला हात लावत नाही.

मशीन चांगली चालते आहे. आलेला लीड स्क्रू जुना, त्याची स्वतःची झीज आहे, हेडस्टॉककडच्या पट्ट्यात आटे जास्त घासलेले. शाफ्ट टर्निंगला त्याने काही बिघडत नाही. दोन फुटांहून लांब आट्यांचं काम मात्र हे भाऊ अजूनही धुळ्यालाच पाठवतात.